नगरचं रणगाडा म्युझियम: पाच पैकी पाच, पण जाताना एखादा मामा सोबत न्या

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाच पैकी पाच. आणि मी काही मिलिटरीवाला नाही हां, मला रणगाडा नि बुलडोझर यात तोफ सोडली तर दुसरा फरक सांगता आला नसता. दिवाळीच्या सुट्टीत लेकीला कुठंतरी न्यायचं होतं, मॉल नको म्हणाली, आणि आमचे मामा पुण्यात आले होते, ते म्हणाले नगरला जाऊ. मामा कऱ्हाडकडचे, ईएमईतनं (लष्कराची गाड्या-हत्यारं दुरुस्त करणारी शाखा) रिटायर, खडकीच्या वर्कशॉपात रणगाडे खोलून परत जोडण्यात अर्धी नोकरी गेली. वय आता पंच्याहत्तर, गुडघे गेलेत पण रणगाडा दिसला की गुडघे परत येतात.

पुण्यातनं साधारण १२० किलोमीटर. वाटेत हायवेवर एका हॉटेलात नाश्ता केला, नाव लिहीत नाही, पोहे थंड आणि चहा सरबतासारखा, त्यापेक्षा घरनं डबा न्या. कागदोपत्री शहर आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडात नगरच बसलंय, समजून घ्या. म्युझियम लष्कराच्या आर्मर्ड कोअर (म्हणजे रणगाडा दल) सेंटरचं आहे, १९९४ साली सुरू केलं, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशींच्या हस्ते उद्घाटन झालं होतं. पन्नासच्या आसपास रणगाडे नि चिलखती गाड्या आहेत. कॅन्टोन्मेंटचा भाग आहे त्यामुळे ओळखपत्र खिशात ठेवा.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक आत शिरतात, पहिल्या रणगाड्यापाशी सेल्फी, मग दुसरा, मग तिसरा, अर्ध्या तासात बाहेर. आम्हीही तसंच केलं असतं. पण मामांनी दहाव्या मिनिटाला थांबवलं आणि म्हणाले, "आरं असं रांगेनं बघू नगंस. लढाईच्या नंबरानं बघ. हितला प्रत्येक रणगाडा मागच्या लढाईचा धडा गिरवून केलाय, आन् गाठ पडलीय पुढच्या लढाईशी. त्येच तर गंमत हाय." मग आम्ही उलटसुलट फिरलो, एकाच रणगाड्यापाशी तीनदा गेलो, साडेतीन तास लागले. लेक कंटाळेल वाटलं होतं, नाही कंटाळली.

सुरुवात रोल्स रॉइसपासून. हो, तीच रोल्स रॉइस, सिल्व्हर घोस्ट, फक्त वर चिलखताची पेटी आणि बुरूज. राजेरजवाड्यांची गाडी आणि मशिनगन हे एकत्र बघायला इतकं विचित्र वाटतं की लेकीने विचारलं नवरदेव कुठं बसायचा. मामा सांगत होते की आपल्या घोडदळाच्या पलटणी १९३८ पर्यंत घोड्यावरच होत्या, त्या साली पहिल्या दोन रेजिमेंटचे घोडे काढून त्यांना गाड्या दिल्या. म्हणजे दुसरं महायुद्ध दाराशी आलं होतं तेव्हा.

मग चर्चिल. माझा सगळ्यात आवडता हाच झाला, दिसायला मात्र सगळ्यात कुरूप. लांबच लांब, एखादी मालगाडीची वाघीण पट्ट्यांवर बसवलीय असा. मी म्हटलं एवढा लांब कशाला? तर पहिल्या महायुद्धात सगळं खंदकांत अडकून पडलं होतं, आणि १९३९ ला इंग्रजांना वाटलं की आताही तसंच होणार, म्हणून खंदक नि तोफगोळ्यांचे खड्डे ओलांडायला लांब रणगाडा हवा, पायदळाच्या चालीने चालला तरी बास. प्रत्यक्षात झालं काय, जर्मन आले नि सहा आठवड्यांत फ्रान्स गेला, खंदकबिंदक राहिलं बाजूला. पुढचं ऐका पण. हाच चर्चिल १९४३ ला ट्युनिशियात लाँगस्टॉप नावाच्या टेकडीवर चढला, तिथं रणगाडा चढेल असं जर्मनांच्या स्वप्नातही नव्हतं. खंदकासाठी दिलेली लांबी डोंगर चढायला कामाला आली. मामा म्हणाले ही गोष्ट डोक्यात ठेव, पुढं आपल्याकडं परत येणार हाय.

त्यानंतर माटिल्डा आणि जर्मनांची ८८ मिलिमीटर तोफ, ही जोडी एकत्रच बघा. माटिल्डाचं चिलखत पुढून जवळपास आठ सेंटिमीटर जाड, आफ्रिकेच्या वाळवंटात १९४० च्या डिसेंबरात इटालियन लोकांच्या तोफा तिच्यावर आपटून नुसत्या परत यायच्या. या माटिल्डांबरोबर तेव्हा पायदळ कोणाचं होतं? आपलं, चौथ्या इंडियन डिव्हिजनचं (डिव्हिजन म्हणजे दहापंधरा हजार जवानांची फौज), लाल गरुडाचं चिन्ह असलेली. सगळे खुश, आता आपल्याला कोण अडवतो. सहा महिन्यांनी, जून १९४१, हल्फाया खिंडीत तीच चौथी डिव्हिजन, तेच माटिल्डा, आणि समोर जर्मनांनी ८८ च्या तोफा जमिनीत पुरून ठेवलेल्या. ही तोफ खरंतर विमानं पाडायला केलेली, जर्मनांनी तिचं तोंड खाली केलं. माटिल्डा एकामागून एक जळाल्या. त्यात माटिल्डाच्या तोफेला फुटणारा गोळाच दिलेला नव्हता, नुसता भरीव, चिलखत भेदायचा, म्हणजे समोर तोफ दिसतेय पण तिच्या माणसांना हाकलता येत नाही. मामा त्या ८८ च्या नळीखाली उभे राहून दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. माझ्याशी एरवी दोन मिनिटं गप्प बसलेले मी त्यांना पाहिलेलं नाही.

तर ही ८८ सहन करू शकेल असा रणगाडा हवा म्हणून इंग्रजांनी १९४३ ला काम काढलं आणि त्यातून सेंच्युरियन निघाला. पहिले सहा नग युरोपात पोचले मे १९४५ ला, युद्ध संपल्यावर. पंगत उठली, पत्रावळ्या उचलल्या, आणि मग पाहुणे दारात. ज्या लढाईसाठी केला ती त्याला मिळालीच नाही. पण म्हणून काय वाया गेला का, तर नाही, आपण पन्नाशीच्या दशकात तो विकत घेतला आणि त्याचा खरा हिशोब पंजाबच्या उसात चुकता झाला.

इथे मामा एका सावलीच्या जागी बसले, मी पाणी आणलं, आणि मग १९६२ चालू झालं. हा भाग पाटीवर वाचून कळत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

बासष्टला चीनने जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे, आपल्या पोरांकडं थ्रीनॉटथ्री रायफल, थंडीचे कपडे नाहीत, रस्ते नाहीत. आत्ताच्या अरुणाचलातल्या कामेंगमध्ये से ला खिंडीत नि बोमडिलाला जी फुटली ती डिव्हिजन कुठली? तीच चौथी, लाल गरुडवाली. एकेकाळी आफ्रिकेत नाव काढलेली. २१ नोव्हेंबर १९६२ ला आमचे यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे आपण शाळेपासून ऐकतो, मामांना कऱ्हाडचा माणूस म्हणून यशवंतरावांवर बोलायला लागले की थांबवावं लागतं. पण त्या काळात झालं ते खरंच मोठं काम होतं. सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत न्यायचं ठरलं, दहा डोंगरी डिव्हिजन उभ्या करायच्या ठरल्या, इशापूरची नवी सेल्फ लोडिंग रायफल आली, घाईघाईत हजारो तरुणांना इमर्जन्सी कमिशन देऊन अधिकारी केलं. सगळी तयारी कशासाठी? डोंगरासाठी. चीन परत येईल म्हणून.

आणि तीन वर्षांत लढाई आली ती सपाट पंजाबात, पाकिस्तानकडून, रणगाड्यांची.

मला हे ऐकून आधी वाटलं म्हणजे आपलं चुकलंच की. मामा म्हणाले थांब, शेजाऱ्यानं बासष्ट कसं वाचलं ते बघ. पाकिस्तानने बघितलं की भारताने चीनकडून मार खाल्ला, नेहरू गेले, नवे पंतप्रधान लहानखुरे दिसतात, भारत आत्ता नव्याने सैन्य उभारतोय, ते पूर्ण व्हायच्या आत धक्का द्या. १९५४ पासून अमेरिकेची मदत घेऊन त्यांच्याकडे अमेरिकन पॅटन रणगाडे आले होतेच. म्हणजे बासष्टचा धडा दोघांनी गिरवला, आपण आपल्या परीने नि त्यांनी त्यांच्या परीने, आणि त्यांचा जास्त चुकला.

मग आम्ही पॅटनपाशी गेलो. पकडून आणलेला पॅटन. अवाढव्य. ९० मिलिमीटरची तोफ, अंतर मोजायचं यंत्र, त्या काळातला टॉपचा माल. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या बाजूने पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन घुसली. समोर कोण? चौथी माउंटन डिव्हिजन! हो, परत तीच, से लाची, आता डोंगरी केलेली, हलकी हत्यारं, आणि पुढ्यात पॅटनचे कळप. पहिल्या एकदोन दिवसांत ती मागेच रेटली गेली, काही पलटणी जागेवर थांबल्या नाहीत, हेही मामांनी लपवलं नाही, "खोटं कशाला बोलायचं" म्हणाले. पण असल उत्तर गावापाशी तिने घोड्याच्या नालासारखी मांडणी धरली, कालव्याचं पाणी शेतांत सोडलं, उंच उसात थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन नि डेक्कन हॉर्सचे म्हातारे शर्मन दडून बसले. पॅटन चिखलात रुतले आणि बाजूने मार खाल्ला. अब्दुल हमीद तिथलेच, जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे फोडले, १० सप्टेंबरला पडले, परमवीर चक्र. पाकिस्तानचे सुमारे ९७ रणगाडे तिथं गेले, इतके पडलेले की जवळच भिखीविंडला त्यांचं पॅटननगर झालं. पुढे हेच पॅटन गावोगावच्या चौकात शोभेला लागले.

यात मला चर्चिल आठवला. डोंगरासाठी तयार केलेली डिव्हिजन उसात लढली. तयारी चुकीच्या जागेसाठी झाली होती, पण तयारी झाली होती. तीन वर्षांत माणसं वाढली, अधिकारी आले, आणि महत्त्वाचं म्हणजे परत पळायचं नाही हे कुठंतरी मनात बसलं. बासष्टनंतर काहीच केलं नसतं तर उसात लपायला तरी कोण होतं?

पॅटनपाशी पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटची गोष्ट सांगितल्याशिवाय मामा हलले नाहीत. लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर, जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची, सेंच्युरियन घेऊन फिलोरा नि चविंडाला लढले, जखमी होऊनही मागे गेले नाहीत, १६ सप्टेंबर १९६५ ला पडले. सहा वर्षांनी त्याच रेजिमेंटचे अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ ला, वय २१. दोघांनाही परमवीर. खेत्रपालांचा रणगाडा, फामागुस्ता नावाचा, नगरच्याच सेंटरमध्ये जपून ठेवलाय. लेकीने विचारलं रणगाड्याला नाव कशाला ठेवतात, मामा म्हणाले तुझ्या सायकलला ठेवलंयस ना?

आता पासष्टनंतर. माझं मत असं की बासष्टपेक्षा पासष्टचा धडा आपण जास्त शहाणपणाने गिरवला, कारण जिंकलो-हरलो असं धड काही नव्हतं, आणि असं अर्धवट झालं की माणूस हिशोब नीट तपासतो. लढाईच्या शेवटी लष्करप्रमुखांनी शास्त्रीजींना सांगितलं होतं की पुढच्या फळीचा दारूगोळा बहुतेक संपत आलाय, म्हणून युद्धबंदी बरी. नंतर हिशोब लागला तेव्हा अधिकृत इतिहासात नोंद झाली की वापरला होता फक्त १४ टक्क्यांच्या आसपास. दुकानदाराला गोडाऊनमध्ये काय आहे हे माहीत नसलं की गिऱ्हाईक परत जातं, तसलं झालं. पठाणकोटला ६ सप्टेंबरला आपली विमानं उघड्यावर उभी होती, पाकिस्तानने जमिनीवरच दहाएक जाळली. मग भक्कम निवारे बांधले, आणि ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानने परत तोच डाव टाकला तेव्हा हाताला फारसं काही लागलं नाही. आरमाराला पासष्टला पोरबंदरच्या वर जाऊ नका असा हुकूम होता, विमानवाहू विक्रांत मुंबईत दुरुस्तीला, आणि द्वारकेवर गोळे पडले. ते इतकं मनाला लागलं की एकाहत्तरला मुंबईच्या क्षेपणास्त्र बोटी थेट कराचीवर जाऊन आल्या.

आणि पाकिस्तान काय शिकलं? पूर्वेचं रक्षण पश्चिमेतून करायचं. म्हणजे चांगला माल सगळा पंजाबात, आणि ढाक्याकडे अमेरिकेचे जुने शॅफी रणगाडे. शॅफी इथे आहे, बघा आवर्जून, पॅटनच्या पुढ्यात अगदी धाकटा भाऊ वाटतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये गरीबपूरला आपल्या पंचेचाळीस कॅव्हलरीच्या पीटी ७६ रणगाड्यांनी धुक्यात या शॅफींची एक अख्खी तुकडी संपवली. पीटी ७६ पाण्यात तरंगणारा, रशियन, चिलखत पत्र्यासारखं, पण बंगालच्या दलदलीत जड रणगाड्याचं काम नव्हतंच.

बंगालात पायदळ कोण लढलं ते सांगू? डोंगरी डिव्हिजन. परत! चीनसाठी उभ्या केलेल्या. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद झाल्या की चीन येऊ शकत नाही, म्हणून माणेकशॉंनी उन्हाळ्यात घाई केली नाही, डिसेंबरपर्यंत थांबले, आणि डोंगरावरच्या डिव्हिजन खाली नद्यांच्या मुलखात आणल्या. त्यांच्याकडं पुलाचं सामानच नव्हतं, डोंगरात कशाला लागतं, ते मधल्या महिन्यांत जमवलं. आणि त्यात कुष्टियाच्या बाजूला चौथी माउंटन डिव्हिजन होतीच. माटिल्डा, ८८, से ला, असल उत्तर, बंगाल, एकच लाल गरुड. मी मामांना म्हटलं ही डिव्हिजन म्हणजे आमच्या ऑफिसातला तो माणूस, ज्याला दर वेळी न शिकवलेलं काम देतात. मामा हसले नाहीत फारसे.

विजयंता, म्हणजे आपल्याकडं बनलेला रणगाडा, बघताना मामा परत तरुण झाले, हा त्यांच्या हाताखालचा. इंग्रजांशी करार १९६१ चा, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातनं पहिला बाहेर पडला १९६५ संपता संपता, म्हणजे लढाई झाल्यावर. सेंच्युरियनसारखीच गत, पंगत उठल्यावर. एकाहत्तरला मात्र वेळेवर हजर. याची १०५ मिलिमीटरची तोफ इंग्रजांनी का केली, तर १९५६ ला हंगेरीतल्या बंडखोरांनी एक रशियन टी ५४ थेट बुडापेस्टच्या ब्रिटिश वकिलातीत नेऊन घातला, त्यांनी त्याचं चिलखत तपासलं आणि घाबरून मोठी तोफ करायला घेतली. इथं मामांनी इंजिनाबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं, त्यातलं मला काही कळलं नाही, म्हणून लिहीत नाही. एकाहत्तरला ते स्वतः सिकंदराबादला ट्रेनिंगमध्ये होते, लढाईत नव्हते, आणि हे ते कुणी विचारायच्या आधीच सांगतात.

सगळ्यात शेवटी एएमएक्स १३ पाशी या. फ्रेंच, बुटका, १५ टनांचा, लोक याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. ऑक्टोबर १९६२ मध्ये वीस लान्सर्सचे सहा असले रणगाडे रशियन एएन १२ विमानांत घालून लडाखमधल्या चुशूलला उतरवले होते, १४ हजार फुटांवर. तीन वर्षांनी याच रेजिमेंटच्या एका स्क्वाड्रनने जम्मूकडच्या छांबला पॅटनच्या दोन रेजिमेंटचा पहिला लोंढा अंगावर घेतला. पुढं जड रणगाड्यांचा जमाना आला, पासष्ट नि एकाहत्तरच्या मैदानी लढाया डोक्यात होत्या, हलके निघाले. २०२० ला गलवान झालं आणि लडाखला चाळीस टनांच्या वरचे रणगाडे न्यावे लागले, तेव्हा परत हलक्याची आठवण आली. जुलै २०२४ ला सुरतजवळ हजिऱ्याला दाखवलेला आपला नवा हलका रणगाडा झोरावर २५ टनांचा आहे.

मी मोबाईलवर झोरावरचा फोटो काढून मामांना दिला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, मग एएमएक्सच्या पट्ट्यावर हात फिरवला, म्हणाले, "ह्याला भंगार म्हणून आमच्याच हातानं खोलला व्हता. आता परत जोडा म्हणत्यात."

टोपी आणि पाणी न्या, रणगाडे उन्हात उभे आहेत. दुपारी बाराच्या आत जा. लहान मुलांना वर चढू देऊ नका, लोखंड तापतं. आणि घरात कुणी मामा, काका, आजोबा फौजेतले असतील तर गाडीत पुढच्या सीटवर त्यांना बसवा, शिरूरपासूनच सुरू होतात.